काखेतला पान्हा
(बाळंतिणीची खोली : भाग ९)

बाळंतपणाचा तिसरा दिवस. दूध उतरलंय, छाती दगडासारखी झालीय आणि बाळाला घ्यायला हात उचलावा तर काखेत कळ येते. चाचपून पाहिलं तर लिंबाएवढी गाठ. दुसऱ्या काखेतही तशीच, जरा लहान. पहिलटकरीण माहेरी आलेली, त्यामुळे निदान करणाऱ्यांची घरात वानवा नसते. आजी म्हणते काखमांजरी. मावशी म्हणते अवधान. शेजारीण काहीच बोलत नाही, पण तिच्या मनात कॅन्सर येऊन गेलेला असतो. बहुतेक वेळा तिघींचंही चुकतं. काखेत दूध आलेलं असतं.

हे कसं, ते गोठ्यात लवकर कळतं. गाईला सड चार, पण एखादीला मागच्या बाजूला बारीकसा पाचवाही असतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. कुत्रीच्या पोटावर तर सडांच्या दोन ओळीच असतात. माणसाच्या गर्भातही साधारण सहाव्या आठवड्यात काखेपासून जांघेपर्यंत, दोन्ही अंगांना, अशा दोन रेघा उमटतात. त्यांना दुग्धरेषा म्हणतात. पुढे छातीवरचा भाग तेवढा राहतो, बाकीची रेघ विरून जाते. शंभरातल्या एक ते सहा जणांत ती पुरती विरत नाही आणि स्तनाचा उरलेला तुकडा बहुधा काखेत सापडतो. वर्षानुवर्षं तो निजलेला असतो. कुणाला पाळीच्या आधी थोडा ठणकतो, कुणाला गरोदरपणात फुगल्यासारखा वाटतो. पान्हा फुटला की छातीबरोबर तोही भरतो. अडचण एवढीच, की त्याला बहुधा बोंड नसतं. दूध तयार होतं, पण बाहेर यायला वाट नसते.

मग करायचं काय? पुन्हा गोठाच. जनावर आटवायचं असेल तर आपण धार काढणं लांबवत नेतो. कास ताठते, एक-दोन दिवस जनावर अस्वस्थ होतं, आणि दूध आपोआप कमी होतं. साचलेलं दूधच नवं दूध थांबवतं. काखेतली गाठही अशीच आटते, बहुधा काही दिवसांत, कधी एक-दोन आठवडे लागतात. पण ती चोळली, पिळली, ‘मोकळी करायला’ दाबली, तर धार काढत राहिल्यासारखंच होतं आणि वर सूज वाढते ती वेगळी. कधी कातडीच्या छिद्रांतून दुधाचे थेंब पाझरतात. ते पुसून घ्यावेत, आणखी काढायला जाऊ नये.

घरात भांडण होतं ते पुढच्या मुद्द्यावर. या गाठीला शेक नको, गारवा हवा. माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावं. बाळंतिणीला गार चालत नाही, हे आपल्याकडे शेगडीइतकंच पक्कं आहे, हे मला ठाऊक आहे. काखेपुरती सूट मागून घ्यावी. डोक्यावरचा रुमाल आणि बाजेखालची धुरी राहू द्या. ठणका फार असेल तर नर्सताईंना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेन बाळंतिणीला चालते. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाळाला दोन्ही बाजूंनी पाजत राहावं. पाजल्यावर काखेतली सूज हलकी होत असेल, तर ती वेगळी गाठ नसून स्तनाचंच काखेकडे गेलेलं टोक असण्याची शक्यता जास्त.

आता लेपांचं. आपला हिंगोली हा हळदीचा जिल्हा, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा गाठ दिसली की हळद उगाळली जाणारच. हळदीवर माझा राग नाही. पण तिने दूध आटत नाही, आणि पिवळ्या लेपाखाली कातडी लाल झालीय का, हे तपासणाऱ्याला दिसत नाही. गरम चुना-गूळ नकोच. बिब्बा तर काखेच्या जवळही आणू नये. तिथली नाजूक कातडी भाजून फोड येतात आणि साध्या गाठीची जखम होते. काखमांजरी समजून कुणाला चिरा देऊ देऊ नये. पू तर निघत नाहीच, उलट दूध गळत राहणारी जखम होऊ शकते.

सगळंच घरी सोडून द्यावं असंही नाही. ताप आला, गाठ लाल होऊन तापली, पू दिसला, एकाच काखेत टणक गाठ आहे आणि ती दोन आठवड्यांत उतरत नाही, किंवा पाजणं संपल्यावरही ती तशीच आहे, तर दवाखान्यात दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी. या तुकड्यातही स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. तो विरळा आहे, पण टिकून राहिलेली गाठ पाहून घेतलेली बरी. दर बाळंतपणात फार त्रास देणारा तुकडा शस्त्रक्रियेने काढता येतो, मात्र पाजणं थांबून काही महिने गेल्यावर. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडची गाडी धरण्याआधी तिथे विचारावं.

आणि एक. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंची घरची पहिली भेट तिसऱ्या दिवशी ठरलेली असते, नेमकी दूध उतरण्याच्या सुमारास. त्या बाळाचं वजन करतात, तापमान पाहतात, पाजणं विचारतात. काखेचं आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं कसं? त्या येण्याआधी लेप धुऊन टाका आणि हात वर करून दाखवा.