शरणपूरहून मोंबासाला

मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे हृदय आफ्रिकेतल्या एका झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या एका तरुणाने! साल 1873, गाव चितांबोचे, आजच्या झांबियातले. तरुणाचे नाव जेकब वेनराइट. झाडाच्या खोडावरचा मजकूरही त्यानेच कोरला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या देहाचे दफन झाले, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत शोधप्रवासी स्टॅन्लेसोबत तोही होता.

आफ्रिकेतला मुलगा नाशिकला पोचलाच कसा? गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात पकडे आणि सुटका झालेल्यांतल्या कित्येक मुलांना मुंबईला उतरवी. घरी धाडावे तर घराचा ठावठिकाणा कोण सांगणार? चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइसने नाशिकजवळ शरणपूर वसवले होते, तिथे त्यांना आसरा मिळाला. अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम, बाप्तिस्मा. पुढे आपसांत लग्ने होऊन संसारही उभे राहिले.

खरे नवल इथून पुढचे. 1864 मध्ये शरणपूरचेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर बायकांसह आजच्या केनियातल्या मोंबासाच्या किनाऱ्यावर मिशनच्या कामाला गेले. दहा वर्षांनी प्राइस मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवायला निघाला, तेव्हा त्याचा भरवसा होता तो याच मंडळींवर. हिंदुस्थानातून दीडशेच्या आसपास आफ्रिकी तिथे गेले. शिक्षक तेच, कारागीर तेच, उपदेशकही तेच. इतिहासात गोऱ्या पाद्र्यांची नावे ठळक छापली गेली. तिथली ख्रिस्ती मंडळी मात्र या कुटुंबांनी उभी केली, असे माझे मत.

जोन्स आणि सेमलर यांना 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टनने डीकन, म्हणजे पहिल्या पायरीचे पाद्री, केले. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारला गेला आणि मागे राहिलेला तांडा सुखरूप परत आणला जोन्सनेच. मोंबासाजवळच्या रबाईच्या मिशनात तर पळून आलेले गुलाम त्याच्या आश्रयाला येत. स्वतः कधीकाळी गुलाम असलेला माणूस त्यांना हाकलणार थोडाच! मालक संतापले, तंटा चिघळला. अखेर 1889 च्या आरंभी मालकांना भरपाई मोजून रबाई आणि आसपासच्या मिशनांतल्या चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्त केले गेले.

हे सारे जिथून सुरू झाले ती जागा पाहायला मलकापूर किंवा शेगावहून मुंबईची गाडी धरणाऱ्या बुलढाणेकरांनी एकदा नाशिकरोडला उतरावे. शहरातला शरणपूर रोड रिक्षावाल्याला विचारावा लागत नाही.