हसणारी पोरं

कौंडण्यपूर म्हटलं की आपल्याला रुक्मिणीचं माहेर आठवतं. वर्धा नदीचा काठ, तिवसा तालुक्यातलं ते गाव, आषाढीसाठी पंढरपूरला निघणारी रुक्मिणीची पालखी. रुक्मिणीचं पत्र आणि रुक्मिणीहरण या गोष्टी वऱ्हाडातल्या लहान पोरालाही ठाऊक असतात. पण पत्र लिहायची पाळी तिच्यावर का आली, हे आपण भरभर सांगून पुढे जातो. भागवतातली कथा अशी, की घरच्यांच्या मनात कृष्णच होता. थोरला भाऊ रुक्मी आडवा आला. त्यानं शिशुपाल ठरवला आणि राजा असलेला बाप, भीष्मक, लेकाच्या मायेपोटी त्याच्या मागे गेला. भरलेल्या राजवाड्यात त्या मुलीच्या बाजूनं उभं राहणारं कोणी उरलं नाही. शेवटी निरोप पाठवावा लागला तो गावाबाहेर, एका ब्राह्मणाच्या हाती.

मराठीत थोरल्या भावाला दादा म्हणतात आणि गल्लीत धाक घालणाऱ्यालाही दादाच म्हणतात. माया आणि दहशत दोन्ही एकाच शब्दात! लहान मुलांनी लहान मुलांचा केलेला छळ मात्र आपल्या भाषेत फार सौम्य होऊन येतो. खोड काढली, चिडवलं, गंमत केली. मोठी माणसं ‘पोट्टेच ते, चालायचंच’ म्हणून मोकळी होतात. कथा-कादंबरीकारांनी मात्र ही गंमत तपासून पाहिली आहे. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही १९३३ सालची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हिंदीच्या पुस्तकात वाचलेली असते. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद, त्याची आजी अमीना, खिशात तीन पैसे. आपल्याला चिमटा आठवतो. मला त्याआधीची रेवडी आठवते. जत्रेत सगळी पोरं मिठाई खाताहेत. मोहसिन हामिदला म्हणतो, रेवडी घे. ही आपली चेष्टा आहे अशी हामिदला शंका येते, तरी तो जातो. हात पुढे करतो. मोहसिन ती रेवडी स्वतःच्या तोंडात टाकतो. महमूद, नूरे आणि सम्मी टाळ्या पिटून हसतात.

प्रेमचंदांनी इथं दोन गोष्टी नेमक्या पकडल्या आहेत. पहिली ही, की फसवणूक होणार हे माहीत असूनही पोरगं जातं. दुबळ्या मुलाला लोक मूर्ख समजतात. तो मूर्ख नसतो, त्याला त्या घोळक्यात राहायचं असतं. दुसरी गोष्ट टाळ्यांची. ते तिघं हसले नसते तर मोहसिनच्या त्या कृतीला काय अर्थ होता? एका पोरानं एक रेवडी खाल्ली, एवढाच. तिचा अपमान झाला तो हसणाऱ्यांमुळे. दांडग्या पोराची ताकद त्याच्या मनगटात असते असं आपण समजतो. ती बरीचशी बघ्यांनी उसनी दिलेली असते.

विल्यम गोल्डिंग हे इंग्रज लेखक बरीच वर्षं शाळामास्तर होते. त्यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी १९५४ साली आली. पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. निर्मनुष्य बेटावर अडकलेली शाळकरी मुलं. त्यात एक जाडा, दमेकरी, चष्मेवाला मुलगा आहे. आधीच्या शाळेत मला ‘पिगी’ म्हणत, म्हणजे डुकऱ्या म्हणत, असं तो राल्फला विश्वासानं सांगतो आणि इतरांना सांगू नकोस, अशी विनवणीही करतो. थोड्याच वेळात राल्फ भर सभेत ते नाव सांगून टाकतो. सगळी पोरं खदाखदा हसतात. अगदी चिमुरडीही हसतात. तोवर एकमेकांना नीटशी न ओळखणारी ती पोरं त्या हसण्यानं पहिल्यांदा एक होतात. आणि राल्फ काही खलनायक नाही; तो कादंबरीतला चांगला मुलगा आहे. पुढे त्या मुलाचा खून होतो, कादंबरी संपते, तरी त्याचं खरं नाव वाचकाला कळत नाही. लेखक ते सांगतच नाही.

नाव हिरावून घेणं ही छळाची पहिली पायरी असते, हे मला कोणी पुस्तकातून समजावून सांगायची गरज नव्हती. १८ एप्रिल १९८६ ला शारजात जावेद मियाँदादनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. वर्गात शिरलो तेव्हा पोरं एकेक करून माझ्याशी हात मिळवत अभिनंदन करू लागली, आणि तिथून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मी ‘मियाँदाद’ झालो. तो पराभव मलाही झोंबला होता, पण ते सांगायचं कोणाला? मास्तरांनी ऐकलं, मिशीत हसले आणि फळ्याकडे वळले. मला त्या पोरांचे चेहरे आता पुसट आठवतात. मास्तरांची पाठ स्पष्ट आठवते.

रवींद्रनाथांनी हाच विषय उलट्या बाजूनं पाहिला आहे. त्यांची ‘छुट्टी’ ही कथा १८९२च्या सुमाराची. तिचा नायक फटिक हा स्वतःच गावातल्या पोरांचा दादा. नदीकाठी पडलेला मोठा ओंडका ढकलत न्यायचा बेत तो आखतो. धाकटा भाऊ माखन त्यावर ठाण मांडून बसतो, तेव्हा त्याच्यासकट ओंडका लोटायचा हुकूम फटिकचाच. मग मामा त्याला शिकायला कलकत्त्याला नेतो. तिथं मामीला तो नकोसा, मास्तरांचा मार रोजचा, आणि मामेभाऊ तर याच्याशी आपलं नातं आहे म्हणायला लाजतात. वर्गातली पोरं हसली की ते त्यांच्याहून जास्त हसतात. तोच मुलगा, फक्त गाव बदललं. तापानं फणफणलेला फटिक शेवटी आईची वाट पाहत राहतो. दांडगा आणि दुबळा अशा मुलांच्या दोन जाती नसतात, हे इतक्या थोड्या पानांत दुसऱ्या कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता मराठीकडे येऊ. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्यात पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर पाठवते. पोरं त्याला भित्रा म्हणतील, हे तिला सहन होणार नसतं. आपण हा प्रसंग आईच्या प्रेमाचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण हसणाऱ्या पोरांची भीती त्या माउलीलाही किती होती, हेही त्यात दिसतं. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) बाहेर आणीबाणी आहे आणि आत नववीचा वर्ग. मोठ्यांनी गप्प बसायचं ठरवलं की पोरंही कोणाला भ्यायचं आणि कोणाला भिववायचं याचा हिशेब आपापला शिकतात. त्यांना वेगळा तास लागत नाही.

तरी मला वाटतं, या विषयावरचं मराठीतलं सर्वांत कठोर लेखन कादंबरीत नाही, आत्मकथनांत आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली. तिथं मूल एकट्यादुकट्या दांडग्या पोराला भीत नाही. वर्गातल्या पोराच्या तोंडून सबंध गाव बोलत असतं, आणि ज्याच्याकडे तक्रार करायची तो मास्तर, तो पाटीलही त्या गावातलाच. आमच्या कथाकारांनी शाळेचं अंगण फार सुंदर रंगवलं, पण पुष्कळदा ते हसणाऱ्या पोरांत उभं राहून. ज्याच्यावर हसले, त्यानं लेखणी धरली तेव्हा त्याला कल्पित पात्राची गरज वाटली नाही.

हरलेल्या दादाचं काय करायचं, हाही प्रश्न उरतोच. कृष्णानं रुक्मीला पकडून बांधलं आणि त्याचे केस-मिशा वेड्यावाकड्या भादरल्या. बलरामाला ते आवडलं नाही. आप्ताला असं विद्रूप करणं म्हणजे ठार मारण्यासारखंच, असं सुनावून त्यानं रुक्मीला सोडवलं. पण तो माघारी कौंडण्यपुरात आला नाही, भोजकट वसवून तिथंच राहिला. भातकुली म्हणजेच ते भोजकट, असं आपल्याकडे मानतात.

हामिदची जीत वेगळ्या तऱ्हेची आहे. नुसत्या बोलण्याच्या जोरावर तो आपला लोखंडी चिमटा सगळ्या मातीच्या खेळण्यांवर श्रेष्ठ ठरवतो. टाळ्या पिटणाऱ्यांतला सम्मी सर्वांत आधी विरघळतो आणि बदल्यात आपली खंजिरी देऊ करतो. मग बाकीच्यांचे चेहरे उतरलेले पाहून हामिदच त्यांची समजूत घालतो, की मी आपला तुम्हाला चिडवत होतो, चिमट्याला तुमच्या खेळण्यांची सर कुठली! आणि चिमटा सगळ्यांच्या हातात फिरू देतो. या कथेवर परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो: हामिदनं चिमटाच का विकत घेतला? आजीचे हात तव्यावर भाजत, हे उत्तर पोरं झोपेतही लिहितील. रेवडीच्या वेळी टाळ्या कोणी पिटल्या, हा प्रश्न माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही.