एकसंध लाकडाची बैठक

दक्षिण प्रशांत महासागरातील कुक बेटांपैकी आतिऊ हे अवघ्या 27 चौरस किलोमीटरचे बेट ‘नोओआंगा’ नावाच्या बैठकीसाठी ओळखले जाते. चार आखूड पाय, मध्यभागी खोलगट होऊन दोन्ही टोकांना वर चढणारी फळी आणि पायांच्या तळाशी पत्त्यांतील बदामासारखी पसरट पावले असे तिचे रूप असून, तिच्यात सांधा, खिळा वा खुंटी कोठेही नसते, कारण सगळी बैठक एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली असते.

सुतारांना लाकूड जोडणे ठाऊक नव्हते, असा तर्क येथे टिकत नाही. त्याच बेटकऱ्यांचे पूर्वज नारळाच्या काथ्याने फळ्या बांधून होड्या करीत आणि त्यांतून अथांग समुद्र ओलांडीत. तेव्हा ओंडक्याचा बराचसा भाग ढलप्यांत घालवून घडवलेली ही बैठक म्हणजे श्रीमंतीचे जाणूनबुजून केलेले प्रदर्शनच म्हणावे लागेल. ती ‘आरिकी’ म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या प्रमुखांसाठी असे, इतर लोक चटईवर बसत आणि त्यामुळे जमिनीपासूनची वीतभर उंचीही मानाची ठरे.

यासाठी वापरले जाणारे ‘तामानू’ म्हणजे कोकणकिनाऱ्यावरील उंडीच, जिच्या बियांचे तेल आपल्याकडे दिव्यांत जळे आणि होड्यांना लावले जाई. फळीच्या लांबीत लाकडाचे तंतू आडवे धावतात, साहजिकच पायांत ते उभे न येता आडवेच येतात आणि असा पाय एरवी चटकन मोडतो. मात्र उंडीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ती सहजी चिरत नाही, शिवाय कारागीर पाय आखूड ठेवतो. पूर्वी हे काम दगडी पात्याच्या वाकसाने, म्हणजे दांड्याला आडवे पाते बांधलेल्या तासायच्या हत्याराने चाले. 1823 मध्ये जॉन विल्यम्स हा इंग्लिश मिशनरी आतिऊला पोहोचला, आणि पुढे लोखंडी हत्यारे रुळली.

ताहितीत हेच तंत्र स्वयंपाकातही दिसते. ‘पापाहिया’ हे चार पायांचे बुटके मेजही एकसंध लाकडाचेच असते. त्यावर भाजलेला नीरफणस किंवा अळूचे कंद ठेवून दगडी बत्त्याने कुटतात. या मेजाला मानपानाशी कर्तव्य नसते, परंतु रोजचे घाव सोसायचे असल्याने त्याची फळी बैठकीच्या फळीपेक्षा जाड लागते.