सात टक्के आणि १३४ वर्षं

पुण्याच्या एखाद्या तिशीतल्या इंजिनिअरने २०२३ मध्ये अमेरिकेत नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव लावलं असेल, तर त्याची पाळी साधारण २१५७ मध्ये येईल. तेव्हा त्याचं वय असेल १६४. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटमधले अभ्यासक डेव्हिड बिअर यांनी त्या वर्षी मांडलेला हा हिशेब आहे. नोकरीच्या रांगेत तेव्हा १८ लाख माणसं होती आणि त्यांतली ११ लाख भारतीय. चार लाखांहून अधिक जण कार्डाची वाट बघता बघताच जग सोडतील आणि त्यांत ९० टक्क्यांहून जास्त भारतीय असतील, असंही त्यांनी काढलं होतं.

भारतीयांनी एवढं थांबावं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ही १३४ वर्षं निव्वळ भागाकारातून आली आहेत.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या १,४०,००० ठरवली. त्यांचे पाच गट आहेत. उच्चशिक्षितांच्या ईबी-२ गटाला त्यातले २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४० मिळतात. एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, हा दुसरा नियम. ४०,०४० चे ७ टक्के म्हणजे २,८०३. बायको-मुलांची कार्डंही यातच मोजायची, म्हणजे तिघांचं कुटुंब धरलं तर वर्षाला साडेनऊशेही कुटुंबं होत नाहीत. इतर देशांची कार्डं उरली तर ती रांगेतल्या पुढच्यांना मिळतात, पण त्यावर विसंबून कोणाला आयुष्य आखता येत नाही.

१४० कोटींच्या भारताला ७ टक्के आणि जेमतेम चार लाखांच्या आइसलंडलाही ७ टक्केच. गंमत म्हणजे ही मर्यादा भेदभाव मिटवण्याच्या विचारातून आली आहे. १९२४ च्या कायद्याने वंश आणि देश बघून कोटे वाटले होते. १९२९ पासून एकट्या ब्रिटनला वर्षाला ६५,७२१ जागा होत्या. आशियाला दार जवळपास बंदच होतं. १९४६ मध्ये भारतासाठी ते किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला सारखीच, २०,००० ची कमाल मर्यादा आली. देश लहान असो की मोठा, माप एकच. आजचे ७ टक्के हे त्याच समतेचं नातवंड.

यात प्रश्न नागरिकत्वाचा नसतो, जन्मस्थळाचा असतो. दोन सख्ख्या भावांपैकी थोरला ठाण्यात जन्मला आणि वडील मस्कतला नोकरीला असताना धाकटा तिकडे जन्मला, असं समजा. दोघांकडे भारतीय पासपोर्ट, दोघांची पदवी एकाच कॉलेजची. तरी थोरला भारताच्या रांगेत आणि धाकटा ओमानच्या. ओमानच्या रांगेत गर्दी नाही, त्यामुळे धाकट्याचं काम काही वर्षांत उरकतं. थोरल्याने उद्या कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी अमेरिकेच्या लेखी तो भारताच्याच रांगेत. सुटकेची एक वाट कायद्यात आहे: बायकोचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर नवऱ्याला तिच्या रांगेत उभं राहता येतं.

रांग किती सरकली हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याच्या 'व्हिसा बुलेटिन'मध्ये सांगतं. साधा तक्ता असतो. आडव्या ओळींत गट आणि उभ्या रकान्यांत देश: चीन, भारत, मेक्सिको, फिलिपिन्स आणि उरलेलं सगळं जग एका रकान्यात. 'सी' अक्षर दिसलं की गट 'करंट', वाट बघायची गरज नाही. नाहीतर तिथे तारीख असते, आणि आपली 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, त्याआधीची असेल तरच पुढचं पाऊल. मे ते ऑगस्ट २०२५ या चारही महिन्यांत भारताच्या ईबी-२ रकान्यात एकच तारीख होती: १ जानेवारी २०१३. कधी कधी ही तारीख पुढे जायच्या ऐवजी मागे येते. कालपर्यंत 'करंट' असलेला माणूस पुन्हा रांगेत जातो. मुलांचं घड्याळ मात्र थांबत नाही. २१ वर्षं पूर्ण झाली की मूल साधारणपणे आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २०१३ मध्ये नऊ वर्षांची असलेली मुलगी २०२५ मध्ये २१ ची झाली.

एवढी गर्दी झाली कशी? कारण आत यायचं दार आणि कायमचं राहायचं दार वेगवेगळ्या मापांची आहेत. एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाला देशनिहाय मर्यादा नाही. वर्षाला ८५,००० नवे व्हिसा, त्यातले २०,००० अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी. २०२३ च्या वसंतात या ८५,००० साठी ७,८०,८८४ नोंदण्या आल्या. एकाच माणसासाठी अनेक कंपन्यांनी नोंदवलेल्या अर्जांचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्या वर्षी सोडतीत 'एका माणसाची एकच चिठ्ठी' असा नियम आला आणि आकडा ४,७९,९५३ वर उतरला. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत, नूतनीकरणं धरून, सुमारे ७० टक्के भारतीय असतात. म्हणजे पहिल्या दारातून ७० टक्के आत आणि दुसऱ्या दाराशी ७ टक्क्यांची फट. मधल्यांनी काय करायचं? ग्रीन कार्डाची याचिका मंजूर असेल तर सहा वर्षांची कमाल मुदत संपल्यावरही एच-१बी वाढवून मिळतो, अशी सोय २००० सालच्या कायद्याने केली. त्यामुळे रांग तुटत नाही, नुसती लांबत जाते.

निर्वासितांच्या बाबतीत गणित अगदी उलटं आहे. १९८० च्या कायद्यानुसार वर्षाला किती निर्वासित घ्यायचे हे काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकी संसदेशी, सल्लामसलत करून अध्यक्ष ठरवतात. त्या वर्षी मर्यादा २,३१,७०० होती आणि प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक आले, बरेचसे व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून. २०२० मध्ये मर्यादा १८,०००. २०२२ ते २०२५ या वर्षांसाठी १,२५,०००. २०२६ साठी ७,५००, आणि त्यातही प्राधान्य दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानरांना. २०२४ अखेर जगात ४ कोटी २७ लाख निर्वासित होते. हे ७,५०० म्हणजे त्यांतल्या साधारण ५,७०० जणांमागे एक.

स्वतः सीमेवर पोचून आश्रय मागणाऱ्यांचा मार्ग वेगळा, न्यायालयाचा. २०२४ अखेर स्थलांतर न्यायालयांत सुमारे ३७ लाख प्रकरणं तुंबली होती आणि न्यायाधीश होते सातशेच्या आसपास. माणशी सव्वापाच हजार. हे न्यायाधीश न्यायव्यवस्थेचे नसून सरकारच्या न्याय खात्याचे कर्मचारी असतात. त्यांची संख्या किती ठेवायची हेही सरकारच ठरवतं.

म्हणून अमेरिकेचं धोरण समजून घ्यायचं तर आकड्याआधी तो बदलायचा अधिकार कोणाकडे आहे ते बघावं. निर्वासितांचा आकडा एका सहीसरशी सव्वा लाखावरून साडेसात हजारांवर येतो. नोकरीच्या कार्डांची १,४०,००० ही संख्या कायद्यात लिहिलेली असल्यामुळे तीन दशकांत जागची हललेली नाही. ती ठरली तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या २५ कोटी होती, आज ती ३४ कोटींच्या घरात आहे.

७ टक्क्यांची अट काढायचा प्रयत्न झाला. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने तसं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं, पुढच्या वर्षी सिनेटने स्वतःचा मसुदा संमत केला, पण दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. तो झाला असता तरी १८ लाखांना वर्षाला १,४०,००० कार्डं, म्हणजे जवळपास १३ वर्षं. भारतीयांची रांग आखडली असती आणि बाकीच्या देशांची वाढली असती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खरी मेख बायको-मुलांना त्याच कोट्यात मोजण्यात आहे. निम्म्याच्या आसपास कार्डं त्यांच्याकडे जातात. हे मोजणं थांबवलं तर वरचा आकडा न बदलताही कोटा जवळपास दुप्पट होईल. त्यासाठी कायद्यातलं एक कलम बदलावं लागेल, आणि कलम बदलायला अध्यक्षांची सही पुरत नाही.