पानगळीचा ठेवा : भूमीचे देणे भूमीला

शिशिर ऋतू आणि उपवासकाळ आपल्याकडे बहुधा एकाच सुमारास येतात. भस्म बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण चर्चच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा आवारातील बदाम, पिंपळ, शिरीष यांची पाने गळत असतात. माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार आहे, ही त्या दिवसाची शिकवण झाडे आपल्यासमोर प्रत्यक्षात आणून दाखवत असतात. यशया संदेष्ट्यानेही मनुष्याच्या नश्वरतेला कोमेजणाऱ्या पानाचीच उपमा दिली आहे.

मात्र त्याच सुमारास सायंकाळी आपल्या अनेक आळ्यांतून आणि वाड्यांतून धूर उठताना दिसतो. अंगण झाडावे, पालापाचोळ्याचा ढीग करावा आणि त्याला काडी लावावी, ही आपली जुनी सवय आहे. या सवयीत आपण काय गमावतो आणि त्याच पाचोळ्याचा किती परींनी उपयोग होऊ शकतो, याचा विचार करण्यास उपवासकाळासारखा दुसरा योग्य काळ नाही.

पान का गळते?

पान गळणे म्हणजे झाडाची काटकसर होय. कोरड्या दिवसांत पानांतून बाष्परूपाने जाणारे पाणी वाचविण्यासाठी झाड पानांचा त्याग करते. त्यापूर्वी ते पानातील नत्रासारखी मौल्यवान द्रव्ये बऱ्याच अंशी खोडात व फांद्यांत परत ओढून घेते. हरितद्रव्य नाहीसे झाले की पान पिवळे होते; बदामाचे पान तर लालबुंद होते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक विलगथर तयार होऊन पान गळून पडते.

गळालेल्या पानात कर्ब व चुना पुष्कळ असतो आणि इतर क्षारही काही प्रमाणात शिल्लक असतात. जमिनीवर पडल्यावर बुरशी, जिवाणू, वाळवी आणि गांडुळे त्याचे रूपांतर काळ्या, भुसभुशीत मातीत करतात. रानात कोणी खत घालत नाही, तरीही रान वाढत राहते, ते या व्यवस्थेच्या बळावर.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नेमक्या याच गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. निसर्गात एकाचे उरलेले दुसऱ्याचे अन्न होते. वापरून फेकून देण्याची संस्कृती मात्र मनुष्याने निर्माण केली, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

जाळल्याने काय होते?

पाचोळा जळताना त्यातील कर्ब व नत्र धुरावाटे निघून जातात. मागे उरते ती चिमूटभर राख. तिच्यातील पालाशही पहिल्या पावसात वाहून जाते. शिवाय ओलसर पाने पेटत नाहीत, ती धुमसत राहतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोलवर शिरणारे सूक्ष्म कण असतात. शेजारच्या घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील, तर आपल्या अंगणाच्या स्वच्छतेची किंमत त्यांना मोजावी लागते. म्हणून हा प्रश्न शेजारधर्माचाही आहे.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. 2016 सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास 25,000 रुपये भरण्याचा आदेश दिला.

येथे शेतकरी बांधव विचारतील, मग राब भाजण्याचे काय? भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा, गवत, शेण पसरून भाजण्याची पद्धत कोकणात पूर्वापार आहे. तिच्यामुळे तणाचे बी मरते आणि माती मोकळी होते, हे खरे. परंतु डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या ‘चारसूत्री’ भातशेतीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळण्याचा आणि शेतात गिरिपुष्पाचा पाला गाडण्याचा मार्ग दिलेला आहे. हा प्रयोग ज्यांना शक्य आहे, त्यांनी तो एखाद्या वाफ्यावर तरी करून पाहावा.

आच्छादन : सर्वांत सोपा उपयोग

पाचोळ्याचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे तो उचलून झाडाच्या बुंध्याभोवती पसरणे. केळी, नारळ, चिकू, आंबा, जास्वंद, मोगरा अशा कोणत्याही झाडाच्या आळ्यात तीन-चार इंच जाडीचा थर द्यावा. खोडाला चिकटून मात्र पाने ठेवू नयेत; चार बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे खोड कुजत नाही.

या थरामुळे ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण कमी उगवते आणि गांडुळांना निवारा मिळतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात गेल्या काही दशकांत अनेक विहिरी खाऱ्या झाल्या. अशा ठिकाणी चैत्र-वैशाखात शिंपण्याची एक पाळी जरी वाचली, तरी ती विहिरीला दिलेली विश्रांतीच होय. पाऊस सुरू झाल्यावर आच्छादनाखाली गोगलगायी लपतात. तेव्हा थर पातळ करावा व मधूनमधून उलटवून पाहावा.

पानांचे खत

पाने अधिक असतील तर त्यांचे खत करावे. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती जाळी घेऊन सुमारे तीन फूट व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा उभा पिंप जमिनीवर करावा. त्यात पाने भरून, पायाने किंचित दाबून, पाणी शिंपडावे. पिळलेल्या फडक्याइतकी ओल पुरेशी असते. मूठभर जुने खत किंवा शेणकाला घातल्यास काम लवकर होते. पानांच्या जातीप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात रानातील मातीचा वास असलेले खत हाती येते. साग, फणस, आंबा यांची पाने चिवट असल्याने ती चुरडून घालावीत. निलगिरीची पाने वेगळी ठेवावीत, कारण त्यांतील द्रव्ये कोवळ्या रोपांची वाढ रोखतात. रोगट पानेही यात घालू नयेत.

सदनिकेत राहणाऱ्यांसाठी

ज्यांना अंगण नाही, त्यांच्यासाठीही पाचोळा उपयोगाचा आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात नत्र व पाणी जास्त, तर सुक्या पानांत कर्ब जास्त असतो. भोके पाडलेल्या बादलीत एक वाटी ओला कचरा आणि त्यावर दोन वाट्या चुरलेली पाने, असे थर देत गेल्यास पाने जादा पाणी शोषून घेतात, हवा खेळती राहते आणि दुर्गंधी येत नाही. खत करताना वास येतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या बादलीत बहुधा सुकी पानेच कमी पडलेली असतात. तेव्हा शिशिरात दोन गोण्या पाने भरून ठेवावीत. ती वर्षभर पुरवून वापरता येतात.

पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने, ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशा लोकांची गाठ घालून दिली. आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांत आपण एकमेकांना ओळखतोच. वाडीवाला आणि सदनिकेत राहणारा यांच्यात अशी देवघेव व्हायला कितीसा वेळ लागणार?

मुलांसाठी आनंदाचे खेळ

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना पाचोळा म्हणजे खजिनाच वाटतो. पिंपळाची पाने पाण्यात दोन-चार आठवडे भिजत ठेवून, मऊ ब्रशने हलक्या हाताने गर काढला की शिरांची नाजूक जाळी उरते. ती सावलीत सुकवून पुनरुत्थान सणाच्या शुभेच्छापत्रावर चिकटवावी किंवा प्रार्थनापुस्तकात खूण म्हणून ठेवावी. पाणी मधूनमधून बदलावे आणि भांडे झाकून ठेवावे, म्हणजे डास होणार नाहीत.

कागदाखाली पान ठेवून वरून रंगखडू घासल्यास पानाचा ठसा उमटतो. दहा झाडांचे दहा ठसे जमवून खाली नावे लिहिली की मुलांची झाडांशी ओळख होते. रंगीत पानांची रांगोळी काढता येते. गळालेल्या झावळीचे हीर काढून खराटा कसा बांधावा, हे आजीकडून शिकता येते. सुकी पाने व गवत कोरड्या गोणीत जपून ठेवल्यास नाताळच्या गोठ्याला विकतचे साहित्य आणावे लागत नाही. मात्र जुन्या ढिगात साप-विंचू असू शकतात, म्हणून तो मोठ्यांनी आधी काठीने हलवून पाहावा.

धर्मग्रामाला करता येण्याजोगे

चर्चचे आवार, शाळेचे मैदान आणि दफनभूमी येथे दरवर्षी पाचोळ्याचे ढीग जमतात. आवाराच्या एका कोपऱ्यात, भिंतीपासून दूर, जाळीचे दोन पिंप उभे करावेत. एक यंदाच्या पानांसाठी, दुसरा गतवर्षीच्या कुजत असलेल्या पानांसाठी. युवकांनी आठवड्यातून एकदा पाने गोळा करावीत आणि त्यांतील प्लॅस्टिक वेचून काढावे. तयार झालेले खत पुढील वर्षी धर्मग्रामातील कुटुंबांना वाटावे. पावसाळ्यापूर्वी गटारांच्या तोंडाशी साचलेली पाने उचलली, तर पाणी तुंबण्याचा त्रासही टळेल.

आपला धर्मप्रांत भूमीसाठी उभा राहिलेला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, ते या मातीच्या आणि पाण्याच्या रक्षणासाठीच. त्या वारशाचे जतन मोर्चांतून होते, तसेच अंगणातील खराट्यातूनही होते.

ख्रिस्तसभा भस्मासाठी गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आशीर्वादित झावळ्या जाळते, आणि त्या मूठभर राखेने सबंध धर्मग्रामाला पश्चात्तापाचे स्मरण देते. तेवढी राख आपल्याला पुरेशी आहे. उरलेला पाचोळा भूमीचा आहे. या उपवासकाळात तो तिला परत देऊ या.