ट्रॉलीत ऊस भरण्याआधी चाक फिरवून पाहा



ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू होतो आणि पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॉल्या बाहेर निघतात. टायरमध्ये हवा भरली, ग्रीस मारलं, की आपण म्हणतो झाली तयारी! चाकाच्या लोखंडाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. बैलगाडीचं चाक डुगडुगू लागलं की लगेच सुताराला दाखवतात. ट्रॉलीचं चाक डुलतं ते ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसत नाही. भरल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात निखळलं, तर आपल्याच नव्हे, मागून येणाऱ्याच्याही जिवावर बेततं. म्हणून खेपा सुरू होण्याआधी पुढीलप्रमाणे तपासणी करावी.

१. चाक उचलणे : ट्रॉली रिकामी करून कठीण, सपाट जागी उभी करा. ती ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्या. ब्रेक लावा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅकखाली जाड फळी ठेवा. चाक उचललं की आसाखाली लाकडी ठोकळा सारा. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली शिरू नका.

२. आधी बेअरिंग : चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट वाजलं तर बेअरिंग ढिलं आहे. ते कसून घ्या, झिजलं असेल तर बदला. बेअरिंग ढिलं ठेवून पुढची तपासणी केली, तर ती फुकट जाते.

३. चाक किती डुलतं? : एका जड दगडाला ताठ तार बांधा. तारेचं टोक रिमच्या कडेपासून आगकाडीच्या जाडीएवढ्या, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर अंतरावर ठेवा. टोक टायरला नव्हे, रिमलाच धरायचं. आता चाक हातानं सावकाश फिरवा. अंतर कमी-जास्त होत असेल तर चाक आडवं डुलतंय. तार रिमच्या कडेच्या वर धरून पुन्हा फिरवा, म्हणजे चाक गोल आहे की नाही ते कळेल. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या जागी खडूची खूण करा. दोन्हींतला फरक एका काडीएवढा असेल तर चालेल. दोन काड्यांहून जास्त असेल तर चाक उतरवा.

४. दोष कुठला? : उतरवण्याआधी हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, खडूच्या खुणेसमोर दुसरी खूण करा. टायरमधली हवा सोडा. चाक काढून डिस्क आणि हब जिथं टेकतात तिथली माती, गंज, रंगाचे पापुद्रे खरवडा. पुष्कळदा दोष एवढाच असतो, बरं का! मग चाक दोन बोल्ट सरकवून बसवा आणि पुन्हा फिरवा. डूल रिमच्या खुणेशीच राहिला तर रिम वाकली आहे. हबच्या खुणेशी राहिला तर हब तपासा. आस वाकला असेल तर मात्र चाक डुलत नाही, टायर एका बाजूनं झिजतो.

५. तडे : चाक धुऊन वाळवा. नटांच्या भोकांभोवती आणि डिस्क-रिमच्या जोडावर नीट पाहा. संशय आला तर तिथं रॉकेल किंवा डिझेल लावा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर ओलसर रेघ उमटते. नटापासून गंजाचे ओघळ निघाले असतील तर नट ढिला चालला आहे असं समजा. भोक लांबट झालं असेल किंवा तडा दिसला, तर ते चाक भंगारात टाका. तड्यावर वेल्डिंग करून पैसे वाचत नाहीत, भाराखाली तडा शेजारून पुन्हा फुटतो. आणि टायर चढवलेल्या रिमवर तर वेल्डिंग कधीच करू नका. उष्णतेनं टायर फुटून माणूस दगावतो. हवा सोडली तरी हा धोका टळत नाही.

६. नट कसणे : नट ओळीनं न कसता समोरासमोरचे, थोडे थोडे कसा. ओळीनं कसले तर चांगलं चाकही तिरकं बसतं. पहिली भरलेली खेप टाकून आलात की सगळ्या नटांना पुन्हा पाना लावा.

ध्यानात ठेवा : या तपासणीला लागतो जॅक, पाना, तार, खडू आणि रॉकेल-डिझेलचे चार थेंब. एक खेप उशिरा गेली तरी चालेल, पण डुलणाऱ्या चाकावर ऊस भरू नका.