दोन वर्षांपूर्वीचा पाऊस

1612 साली मुकर्रबखानानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाईचे पशुपक्षी मिळवून नेले, त्यांत एक टर्कीचा नर होता. उस्ताद मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सारसाची अंडी किती दिवस उबवली गेली याचाही हिशेब ठेवणारा हा बादशहा. त्यानं टर्कीच्या डोक्यामानेचे पालटते रंगही टिपून ठेवले आहेत. माजावर असताना लालभडक, मग पांढरं, मध्येच फिरोजी. या चित्रापायी मी कित्येक वर्षांपूर्वी या पक्ष्याच्या नादी लागलो. रंग चित्रात आहेतच. चित्रात नाही तो आवाज, आणि तिकडे अमेरिकेत तर सगळं वेड त्या आवाजाचंच आहे.

गोव्याच्या बंदरात पोचला तो पाळीव टर्की, मूळ मेक्सिकोतला. त्याचे रानटी भाऊबंद उत्तर अमेरिकेच्या जंगलांत आजही आहेत आणि दर वसंतात लाखो माणसं त्यांच्यासाठी अंधारात झाडाला पाठ लावून बसतात. नर रात्री उंच झाडावर असतो. उजाडायच्या आधी, रातथाऱ्यावरूनच, तो पहिली साद घालतो. वारा पडलेला असेल तर ती मैलभर जाते. मादीनं त्या आवाजाच्या रोखानं चालत जायचं, असा निसर्गाचा रिवाज. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे रिवाज उलटा फिरवतो. मुरलेला नर जागचा हलत नाही तो म्हणूनच. नुसता ओरडत राहतो आणि शिकाऱ्याच्या पायांना मुंग्या येतात.

या शिकाऱ्यांकडे हवामानाच्या आडाख्यांना तोटा नाही. थंडीची लाट ओसरली, आभाळ निवळलं, हवेचा दाब चढला की पक्षी बोलणार. वारा सुटला की गप्प. धुकं दाटलं तर उशिरापर्यंत झाडावरून उतरणार नाही. पाऊस लागला की रान सोडून उघड्या शेतात येऊन उभा राहणार, कारण पानांवरच्या टपटपीत कोल्ह्याची चाहूल लागत नाही. हे शेवटचं निरीक्षण मला फार आवडतं. भिजायचं तर भिजू, पण दिसलं पाहिजे, हा पक्ष्याचा हिशेब आहे. गंमत अशी की पावसानं गप्प होणारा हाच नर ढगांच्या गडगडाटाला मात्र न राहवून उत्तर देतो. घुबडाच्या घुमण्याला देतो, कावळ्याला देतो, मोटारीचं दार आपटलं तरी देतो. पहाटे शिकारी तोंडानं घुबडाचा आवाज काढतात ते नर कुठे बसलाय ते कळावं म्हणून.

गेली पन्नासहून अधिक वर्षं विद्यापीठांतली माणसं हे आडाखे तपासत आहेत. हंगामाचं मोठं वेळापत्रक दिवसाच्या वाढत्या लांबीवर ठरतं. त्यानं नराच्या रक्तातली संप्रेरकं चढतात. हवामान रोजची कमीजास्ती ठरवतं. वारा आणि पाऊस आवाज घटवतात, याबद्दल बहुतेकांचं एकमत आहे. तापमान आणि हवेचा दाब यांचे निष्कर्ष मात्र एका राज्यात एक, दुसऱ्यात दुसरे. मला खरी मेख वेगळीच वाटते. पूर्वीची मोजणी माणसाच्या कानानं व्हायची आणि सोसाट्याच्या वाऱ्यात पक्षी गप्प आहे की माणूस बहिरा झालाय, हे सांगायचं कसं? त्यात पुन्हा बऱ्याच मोजण्या मुद्दाम शांत, कोरड्या सकाळीच करायचा दंडक होता. वाईट हवेत टर्की काय करतो, हे वाईट हवेत घरी बसून कळणार नव्हतं.

मग झाडांना ध्वनिमुद्रक बांधले गेले. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिणेच्या जंगलांत हजारो तासांचे आवाज गोळा केले. त्यांतून एक गोष्ट अशी निघाली की शिकाऱ्यांच्या अड्ड्यांवर ती फारशी आवडली नसावी. शिकार सुरू झाली की साद घटते. बोलके नर मारले जातात, उरलेले शहाणे होतात. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात रान मुकं झालं म्हणून वाऱ्याला शिव्या देणाऱ्यानं आपल्याच बंदुकीकडे एकदा पाहायला हरकत नाही.

हवेचा फटका शिकाऱ्याच्या अवजारांनाही बसतो. 1897 साली आर्कान्साच्या डार्डनेल गावातल्या हेन्री गिब्सननं लाकडी पेटीच्या कॉलचं पेटंट घेतलं. डबीच्या कडेवर खडू लावलेलं झाकण घासलं की मादी बोलते. ही पेटी भिजली की मुकी. पावसात लोक ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाजवतात. हाडाला मात्र पावसाचं वावडं नाही. टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडाची नळी ओठांत धरून हवा आत ओढायची, की मादीचा हुबेहूब आवाज निघतो. या नळीला वेताचं कांडं जोडून केलेला एक प्रकार आजही ‘जॉर्डन येल्पर’ म्हणून ओळखला जातो. हा जॉर्डन कोण, याचा माग काढताना मी हवामान पार विसरलो.

चार्ल्स एल. जॉर्डन. आयुष्य टर्कीमागे घालवलेला माणूस. शिकारी, निरीक्षक, आणि कॅमेरे अवजड होते त्या काळात रानटी टर्कींचे फोटो काढणारा. लुईझियानात हॅमंडजवळच्या मॉरिस यांच्या राखीव शिकाररानाचा तो व्यवस्थापक होता. टर्कीवर मोठं पुस्तक लिहायचं त्याच्या मनात होतं. 1909 साली त्याच रानात एका चोरट्या शिकाऱ्यानं त्याचा खून केला.

त्याची हस्तलिखितं, टिपणं आणि फोटो पोचले एडवर्ड मॅकिलहेनीकडे. हे टबॅस्को सॉसवाल्या घराण्याचे, एव्हरी बेटाचे धनी. 1914 साली ‘द वाइल्ड टर्की अँड इट्स हंटिंग’ हे पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर नाव एकट्या मॅकिलहेनीचं. प्रस्तावनेत जॉर्डनचा उल्लेख आहे, आदरानं आहे, त्यानं काय काय मागे ठेवलं तेही सांगितलं आहे. त्यामुळे याला सरळ चोरी म्हणता येत नाही. पण पुस्तक प्रथमपुरुषी आहे, आणि पानं उलटताना हा ‘मी’ कोणता, हे दर काही पानांनी विचारावंसं वाटतं. रानात बसलेला, की बेटावर बसलेला? जाणकार आज हे पुस्तक मुख्यतः जॉर्डनचंच मानतात.

मॅकिलहेनीला खलनायक करणं सोपं आहे आणि मला तो मोह होतोच. टोप्यांवरच्या पिसांसाठी बगळे मारले जात होते तेव्हा यानंच एव्हरी बेटावर बगळ्यांची मूठभर पिल्लं वाढवली आणि त्यातून हजारोंची वसाहत उभी राहिली. हे पुण्य त्याच्या नावावर जमा करायलाच हवं. पण श्रेयाच्या बाबतीत तो हावरा असावा. लुईझियानाच्या दलदली कुरतडून टाकणारा नुट्रिया हा दक्षिण अमेरिकी प्राणी आपण तिथे आणला, ही आख्यायिकाही त्यानं अंगावर मिरवली. प्रत्यक्षात त्याच्या आधी दुसऱ्यांनी तो पाळलेला होता. उपद्रवाचंही श्रेय घेणारा माणूस मेलेल्या जॉर्डनला मुखपृष्ठावर जागा देईल, ही अपेक्षाच चूक.

पुस्तक आलं त्याच वर्षी, 1 सप्टेंबरला, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची पॅसेंजर कबुतरीण मेली. टर्की त्याच वाटेवर होता. जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार शिकार यांनी 1920 पर्यंत तो मूळच्या 39 पैकी 18 राज्यांतून संपला. पुढची कहाणी अमेरिकेत पाठ्यपुस्तकासारखी सांगितली जाते, म्हणून भरभर. 1937 चा कायदा, बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा, खुराड्यात वाढवून सोडलेल्या पक्ष्यांचा फज्जा. मग 1951 च्या सुमारास साउथ कॅरोलायनात डफ होलब्रुक यांनी तोफेनं उडवायची जाळी वापरली आणि रानटी पक्षीच पकडून दुसरीकडे सोडायची वाट मोकळी झाली. या शतकाच्या सुरुवातीला संख्या 65 लाखांच्या वर गेली. त्यानंतर पुष्कळ भागांत ती पुन्हा उतरणीला लागली, आणि इथे हवामान परत येतं. पहाटेचं नव्हे, मे-जूनचं.

1990 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट्स आणि पोर्टर या संशोधकांनी ओल्या आणि कोरड्या दिवसांशी घरट्यांचं यश ताडून पाहिलं. मादी जमिनीवर दहा-बारा अंडी घालते आणि अठ्ठावीस दिवस त्यांवर बसते. रंगानं ती पालापाचोळ्यात मिसळून जाते, पण वास लपत नाही. भिजलेल्या पिसांना ओल्या घोंगडीसारखा वास येतो, हवेतल्या दमटपणात तो लांबवर राहतो आणि रकून, कोल्हा यांना घरट्याची वाट दाखवतो, असा त्यांचा कयास. पुढच्या अभ्यासांनी काही ठिकाणी तो उचलून धरला, काही ठिकाणी पावसाचा असा परिणाम फारसा दिसलाच नाही. पिल्लांबद्दल वाद कमी. पहिले दीड-दोन आठवडे त्यांना झाडावर उडून बसता येत नाही. रात्रभर ती आईच्या पंखाखाली जमिनीवरच असतात. त्या दिवसांत गार पावसाची झड लागली की गारठून मरतात.

वाचलेला नर पुढच्या वसंतात अजून कच्चाच असतो. त्याची साद अडखळते. त्याच्या पुढच्या वसंतात तो दोन वर्षांचा होतो, आणि शिकाऱ्यांच्या अनुभवात सर्वांत बोलका, सर्वांत भाबडा, बोलावलं की धावत येणारा तोच. थोराड नरांच्या कथा शेकोटीभोवती रंगतात, पण पिशवीत पडतो तो बहुतेकदा हा दोन वर्षांचा. म्हणजे या एप्रिलमध्ये रान बोलतंय की नाही, हे दोन वर्षांपूर्वीच्या जूननं बरंचसं ठरवून ठेवलेलं असतं. सकाळचा वारा त्या दिवसाची मजा घालवतो. हंगामाच्या एकूण आकड्यावर सकाळच्या पावसाचा परिणाम होतो तोही पुष्कळदा माणसांमुळे. पहिल्या शनिवार-रविवारी मोठी शिकार होते, आणि तेव्हाच पाऊस असला तर लोक अंथरुणातून उठत नाहीत.

सध्याचं भांडण तारखांवरून आहे. जॉर्जियानं 2022 पासून हंगामाचा आरंभ एप्रिलमध्ये ढकलला आणि माणशी तीन नरांची मर्यादा दोनवर आणली. टेनेसीनंही 2023 मध्ये दोन आठवडे उशीर केला. माद्या जुळून अंडी घालायला लागेपर्यंत नरांना हात लावू नका, असं चेंबरलेन यांच्यासारख्यांचं म्हणणं. तोवर ऐन सादेचे दिवस निघून जातात, असं शिकाऱ्यांचं. उशिरानं खरंच पिल्लं वाढतात का, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. माझं मत शिकाऱ्यांच्या विरुद्ध जातं, पण बंदूक न धरलेल्या माणसाच्या मताला तिथे किंमत ती काय असणार.

अनेक राज्यांचे वन्यजीव विभाग जुलै-ऑगस्टमध्ये एका मादीमागे किती पिल्लं दिसतात ते मोजून आकडे जाहीर करतात. त्यासाठी साध्या नागरिकांनी कळवलेल्या नोंदीही घेतल्या जातात. दोन वसंतांनंतरचा त्याहून बरा अंदाज दुसरा नाही. तो फुकट मिळतो, आणि लोक पैसे मोजून बॅरोमीटर घेतात.